कोकोपीट म्या चाखलं

कोकोपीट खाल्लेला मानूस आमच्या भागात दुसरा कोनी सापडायचा न्हाई. म्या खाल्लं. चांगलं चिमटीभर, आन् एकदा न्हाई, दोनदा. वरून छाती काढून म्हनलो, "गोडं हाय." आजबी त्ये आठवलं की तोंडात पानी सुटतं. पन जेवायच्या आदी सुटतं तसलं न्हाई, वकारी यायच्या आदी सुटतं तसलं.

नवं नवं यायचा वखत व्हता त्यो. गावात केबल आलती, टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकायल्या व्हत्या, आन् बीडला गेलं की दुकानात काईतरी कदी न बगितलेलं इकायला ठेवलेलं आसायचं. त्यातच रोपं इकत घ्यायची टूम निगाली. त्याच्या आदी आमी वाफ्यात बी फेकायचो, उगवलं त्ये आपलं, न्हाई उगवलं त्ये मुंग्यांचं. आता म्हनं काळ्या ट्रेमदी एकेका कप्प्यात एकेक बी ठेवायचं, वर हिरवी जाळी बांधायची, आन् बियाच्या खाली माती घालायचीच न्हाई. मातीच्या जागी कोकोपीट. म्हंजी नारळाच्या सालीचा भुस्सा, दाबून दाबून लादी केलेला. पान्यात टाकली की लादी फुगती आन् घमेल्यावर घमेली भरतेत.

आमच्याकडं नारळ फकस्त देवाला. फोडला की शेंडी तितंच फेकून खोबरं घेऊन यायचं. त्यामुळं लोकांनी लई चेष्टा केली. म्हनले, "आता देवळामागचा उकिरडाबी इकत आना बे."

आनायचं खूळ माझं नव्हतं. बायकोचं व्हतं. ती लगीन झाल्यापासून लोकाच्या रानात खुरपायला जायची. दिसभर उकिडवं बसून बसून तिचे गुडगे आसे झालते की उठताना कडकड वाजायचे. पाटोद्याकडं तिच्या मायेराला जाताना एका जागी तिनं ती हिरवी जाळी बगितली, आत जाऊन बायांना इचारून इचारून सगळं समजून घेतलं, आन् घरी येऊन मला म्हनली, "आपन रोपं करू. मिरचीची. एक बारी जरी साधली तरी मी खुरपं खाली ठेवते."

तिचा थोरला भाऊ मिरची लावायचा. त्यानं कबूल केलं, पन तोंड वाकडं करूनच. म्हनला, "तुज्या हातानं रोप चांगलं आलं तर घेतो. सगळं रान तुज्याच रोपानं लावतो. न्हाई आलं तर मी मोठ्या नर्सरीतून आनीन, आन् तू गप खुरपायला जा. परत ह्ये खूळ काढायचं न्हाई."

ती म्हनली, "चालतंय."

आता एवढ्या मोठ्या सौद्यात मी काय करीत व्हतो? तर मी चाखनारा व्हतो.

आमच्याकडं बोर पाडली आन् पानी लागलं की पयला घोट कुनाला तरी द्यायचा. त्यानं तोंडात घोळवून सांगायचं, पानी गोडं का खारं. आजूबाजूच्या गावात ह्ये काम माझ्याकडं आलतं. बाकी कोन्या कामाला मला कोनी बोलवत नव्हतं. वजन उचलायला न्हाई, हिशेबाला तर न्हाईच. पन बोरची गाडी आली की सायकलवर मानूस यायचा, "चला, पानी लागतंय." मंग नारळ फोडायचा, भंडारा उधळायचा, गढूळ पांढरं पानी पितळी गिलासात माझ्या हातात यायचं. मी त्ये गालात फिरवायचो, आभाळाकडं बगायचो, लोकांना चांगलं ताटकळत ठेवायचो, आन् मंग वरडायचो, "गोडं!" मानसं नाचायची. मला जेवन, पान, कदी टोपी. माझा तोरा आसा की कोनी म्हनावं ह्यानंच पाताळातून पानी वडून आनलंय.

तर आसला मी, बायकोसंगं बीडला कोकोपीट घ्यायला गेलतो.

दुकानदार बरा मानूस व्हता. त्यानं एक फुगवलेला ढीग दाखवून बायकोला समजावून सांगितलं. "रंग बगा, तांबूस पायजे. काळं पडलेलं कुजकं आसतं. मुठीत दाबा, गोळा झाला पायजे, आन् बोट लावलं की फुटला पायजे. दाबल्यावर थेंब-दोन थेंब गळावं, धार लागू नये. लांब लांब धागे जास्ती नसावेत. वास ओल्या लाकडासारका यावा." बायकोनं दाबून बगितलं, फोडून बगितलं. मंग त्यो म्हनला, "पन खरी भानगड खाराची हाय, ताई. साली समुद्राकडच्या. खाऱ्या पान्यात भिजत पडलेल्या आसतेत. धुतलेला माल आठ दिसांनी यील. ह्यो हाय त्यो बिनधुतलेला. न्यायचा आसला तर घरी तीन पान्यानं धुवा."

बायको म्हनली, "आठ दिस थांबू की मंग."

म्या म्हनलो, "कशापाई थांबायचं? खार हाय का न्हाई ह्ये कळायला काय लागतं?"

"यंत्र आसतं त्याचं," दुकानदार म्हनला.

"यंत्र आनलंय की संगं," म्हनून म्या जीभ भायेर काढली.

त्यो एक पाऊल मागं सरकला. मला वाटलं, मानूस दबला. आता कळतं त्यो कावून सरकला. तव्हा मी तंबाखू आन् चुना खायचो, उठल्यापासून निजेपर्यंत, वरून नवी नवी पुडी. जीभ कसली, गटारीतून काढलेलं पायताण व्हतं त्ये. मदी पांढरी, कडंनं काळी, वर भेगा.

त्याच जिभेवर म्या पोत्यातल्या लादीची चिमूट काढून ठेवली. भुस्सा तोंडात फुगला, दाताच्या फटीत धागे आडकले. मी सवयीनं आभाळाकडं बगितलं, दुकानाचा पत्रा दिसला. "गोडं हाय," म्या म्हनलो.

दुकानदार म्हनला, "बगा बुवा. मी सांगायचं काम केलं."

लाद्यांची पोती जीपच्या टपावर टाकून घरी आनली. पोतं सोडलं आन् बायकोनं पदर नाकाला लावला.

"आवो, ह्यो कशाचा वास?"

"ओल्या लाकडाचा," म्या म्हनलो. दुकानदारानं तसंच सांगितलं व्हतं ना.

"लाकूड मेलं का काय मंग?"

तिनं पोतं झाडलं. शिवनीतून काईतरी पडलं. बोटाएवढं, वाळलेलं, चपटं. त्येला डोळा व्हता. म्या उचलून उजेडात धरलं. मासळी! सुकी मासळी. ज्या गाडीतनं माल आला तिच्यात आदी तीच भरलेली आसनार, आन् आमच्या पोत्यांनी ती चांगली शोषून घेतलती.

आमी लिंगायत. आमच्या घरात अंडं काय, अंड्याचं नाव काढलं तरी माझी माय चूळ भरायची. आन् म्या त्या पोत्यातलं चिमूटभर गिळलं व्हतं. नुसतं चाखलं न्हाई, गिळलं. दुकानदारासमोर थुंकायची लाज वाटलती म्हनून.

मी गोठ्यामागं पळालो. जे जे खाल्लं व्हतं त्ये सगळं भायेर आलं, शेवटी हिरवं पानी आलं. नाकातून भुस्सा निगाला. नाकातून! बायकोनं कापडासकट डोक्यावर घागर वतली, कपाळाला इभूत लावली, आन् मी जरा टेकलो तशी इचारलं, "आता सांगा, किती पान्यानं धुवायचं?"

बोरला पानी जेमतेम. लाईट आसली तरच, आन् लाईट आपल्या मनानं यायची. तीन पानी म्हंजी हौद भरून भरून तीनदा जमिनीवर वतायचा. आमच्याकडं भांडी धुतलेलं पानीबी झाडाला जातं, झाडाखालची शेळी त्यातच पेती. साफ पानी वतून द्यायचं हे डोस्क्यात बसतच नव्हतं.

"एका पान्यानं बास," म्या म्हनलो. "गोडं हाय म्हनून सांगितलं ना."

"त्ये वांती व्हायच्या आदी सांगितलाव."

"त्यानं काय व्हतं? जीभ तीच हाय!" आन् आता वकारी काढून आलेल्या मानसानं परत पोत्यात हात घातला, चिमूट उचलली आन् तिच्या डोळ्यासमोर तोंडात टाकली. मासळीचा वास टाळूला चिकटला. पोट परत वर यायला लागलं, ते म्या गालात दाबून धरलं. डोळ्यातून पानी गळायलं. तसंच म्हनलो, "गो... गोडं."

तिनं माझ्याकडं बगितलं. सारी गावं माझ्या जिभेवर इसवास ठेवायची, मंग तिनं कावून ठेवू नये? तिनं एका पान्यानं धुतलं. त्ये धुतलेलं तांबडं पानीबी म्या सांडू दिलं न्हाई. पिंपात भरून ठेवलं, आन् बी उगवल्यावर रोज तेच ट्रेवर शिंपडलं. म्या. माझ्या हातानं. मनात म्हनायचो, दुसऱ्या कोनाला आसली बचत सुचली नसती. न्हाईच सुचली.

रोपं आली. बायको सकाळी उठून आदी जाळीत जायची, एकेका ट्रेवर वाकून बगायची, मला हाका मारायची, "आवो, आज ह्या कोपऱ्यातलं निगालं बगा." दोन पानं झाली. मंग पानांच्या कडा तांबड्या व्हायल्या, पापड जास्ती भाजल्यावर व्हतो तशा. वाढ थांबली. ट्रेवर पांढरी साय धरली, घामाची बनियान वाळल्यावर जशी पांढरी व्हती तशी.

"थंडी लागली," म्या म्हनलो.

"थंडी कुठं पडलीय?"

"मंग नजर लागली." आन् म्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. मिरचीच्या रोपांची नजर उतरवायला मिरची. रोपांनी ती बगितली आसल तर म्हनली आसतील, हाच का आपला राखनदार.

मंग एक दिस आमची शेळी दावं तोडून जाळीत घुसली. म्या काठी घेऊन पळालो. बायको दारातच उभी व्हती, म्हनली, "थांबा, मारू नगा."

शेळी रोपं खात नव्हती. ट्रेच्या कडंवरची पांढरी साय चाटत व्हती. मान वाकडी करून, डोळे मिटून, देवाचा परसाद चाटल्यासारकी. ट्रे झाले की खालचं पोतं चाटायली, पोतं झालं की पिंपाचं बूड.

बायकोनं एका ट्रेवरची साय बोटाला लावली, जिभेला लावली, आन् आशी थुंकली की शेळीबी दचकली.

"आवो, ह्ये मीठ हाय! निस्तं मीठ!"

"आसं कसं? म्या तर..."

"तुमी तर काय?" ती माझ्याकडं वळली. आवाज चढला न्हाई तिचा, त्याचंच मला भ्या वाटलं. "एक सांगा मला. एवढ्या बोर चाखलाव. आजवर कोनत्या बोरला खारं म्हनलाव?"

म्या इचार केला. लई इचार केला. परळीच्या रस्त्याला एक बोर व्हती, तिच्या पान्यानं घागरीवर पांढरे थर चढले व्हते. तिला म्या गोडं म्हनलतो. एका सोयऱ्याची व्हती, त्याची बैलं तोंड लावीत नव्हती, तिलाबी गोडं. एकच शबूद माझ्या तोंडातून निगालेला, सगळीकडं, सगळ्यांना.

"लोक तुमाला जिभीसाठी बोलवतेत व्हय?" ती म्हनली. "बोर पाडून बसलेल्या मानसाला खारं ऐकायचं नसतं. तुमी गोडं म्हनताव म्हनून बोलवतेत. घरात मी रोज भाजीत मीठ घालून घालून बेजार, पोरं पानी पेऊन पेऊन जेवतेत, आन् तुमचं आपलं रोज चालू, 'आळनी हाय, मीठ आन.' तवाच मला कळाया पायजे व्हतं. चुन्यानं भाजलेली जीभ ती. तिला खार काय कळनार, इस्तू ठेवला तरी कळायचा न्हाई."

तिनं भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला आन् म्हनली, "बगा." म्या बगितलं. आपलं तोंड आपन आतून कदी बगतच न्हाई, बरंच हाय त्ये. दातांना काळी पुटं, गालाच्या आत पांढरं कातडं सोललेलं, आन् मदी ती जीभ, तिला मी यंत्र म्हनत व्हतो. मला माझीच शिसारी आली. त्या दिवशी पयल्यांदा आसं झालं की वांती कोकोपीटमुळं न्हाई, माझ्यामुळं आली.

त्याच आठवड्यात मेव्हना आला. जाळीत गेला, कंबरंवर हात ठेवून उभा राह्यला. रोपं बगितली आन् मंग मला.

"दाजी, ह्ये मिरचीचं रोप हाय का तंबाखूचं? वाळवूनच उगवलंय."

त्यो भनीकडं वळला. "हे बग, मी रागावत न्हाई. तुला म्हनलतो तसंच झालं. मी मोठ्या नर्सरीत सांगून ठेवतो. तिकडं हळदीच्या रानात बाया लागतेत, तू उद्यापास्नं तिकडं..."

"दादा, आदी ह्ये चाखून बग," ती मदीच म्हनली आन् ट्रे त्याच्या तोंडापुडं धरला.

"मी कावून चाखू?"

"चाख म्हनते ना. तुजं तोंड साफ हाय."

त्यानं बोट लावलं, जिभेला लावलं, आन् 'आक् थू' करत भायेर पळाला. चूळ भरली, परत भरली, तिसऱ्यांदा भरली. वाकलेला तसाच त्यो माझ्याकडं बोट करून म्हनला, "ह्ये... ह्ये तुमी गोडं म्हनलाव? दाजी, ह्ये गोडं?" आन् हसाय लागला. हसता हसता खाली बसला. डोळे पुसत म्हनला, "आवो, माझ्याबी बोरला तुमीच गोडं म्हनलताव!"

"म्हनून तर तुजी मिरची दरसाल खुरटी राहती," बायको म्हनली.

त्याचं हसू थांबलं.

बायको त्याच्या समोर बसली. "माझा हात चुकला न्हाई, दादा. बी चांगलं आलतं. खारानं भाजलं. धुवायचं सांगितलं व्हतं, आमी धुतलं न्हाई. एक बारी आजून दे. खारं राह्यलं तर मी सवता तुज्या हळदीच्या बायांत जाऊन बसते, परत नाव काढत न्हाई."

त्यानं जमिनीवर काडीनं रेघ मारली. "निम्मं," त्यो म्हनला. "निम्मं रान मी मोठ्या नर्सरीचं लावतो. निम्मं तुज्यासाठी मोकळं ठेवतो. आन् दाजींनी कशाला तोंड लावायचं न्हाई."

ती अट सगळ्यात आदी मान्य झाली.

मंग धुनं सुरू झालं. ट्रे झाडून सगळा भुस्सा हौदात टाकला. त्ये पानी आठवलं तरी आंग शिरशिरतं: तांबडं, फेसाळ, कुजक्या मासळीचा वास, वर मेलेल्या रोपांची पानं तरंगतेत. म्या घमेल्यानं उपसायचं आन् रस्त्याकडंला वतायचं. घमेलं गळकं, पानी मानंवरून पाठीवर, पाठीवरून चड्डीत. गावातली मानसं जाता येता थांबायची. "ए बाबा, पानी सांडायलास! डोकं फिरलं का बे?" एक म्हातारी तर त्या वतलेल्या पान्याकडं बगून रडकुंडीला आली, म्हनली, "वतायचंच व्हतं तर माझ्या तुळशीला द्यायचं." दिलं आसतं तर तुळस गेली आसती. मला ह्ये सांगताबी येईना. चाखनाऱ्यानं काय सांगावं.

दर पान्यानंतर बायको हात घालून मूठभर काढायची, दाबायची, गळलेला थेंब जिभेवर घ्यायची, थुंकायची. मासळीचा वास तिलाबी यायचा. प्रत्येक वेळी तिचं तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यात पानी यायचं, पन परत मूठ भरायची. "आजून हाय," म्हनायची. "आजून वता." मी वतायचो. शेवटी एकदा तिनं थेंब घेतला, थांबली, परत घेतला आन् थुंकलीच न्हाई. ट्रे भरायला लागली.

ती रोपं मी वाकून बगायचो न्हाई. लांबूनच. पानं हिरवीगार निगाली, कडा कोऱ्या. सकाळी ती मला हाका मारायची न्हाई आता, सवताच बगायची आन् सवताच हसायची. मी भायेर ट्रे घासत बसायचो, कारन पयल्या बारीचे उरलेले ट्रे मेलेल्या मुळ्यांनी चिकटले व्हते आन् ती मुळी नखात गेली की वास दोन दिस जात नव्हता.

मेव्हना जीप घेऊन आला. त्यानं एक रोप कप्प्यातून वर वडलं. कोकोपीटचा गोळा आख्खा भायेर आला, पांढऱ्या मुळ्यांनी गुंडाळलेला, एक कन सुटला न्हाई. त्यानं त्ये फिरवून फिरवून बगितलं. वास घेतला. बोटानं चिमूटभर उचललं, माझ्याकडं बगितलं आन् जिभेला लावलं.

"मासळीचा जराक वास येतोय," त्यो म्हनला.

"त्यो जाईल," बायको म्हनली.

"मोठ्या नर्सरीच्या रोपांच्या मुळ्या एवढ्या न्हाईत," त्यो म्हनला, जनू सवताची चूक कबूल करतोय आसं. मंग ट्रे जीपमदी चढवायला लागला. चढवता चढवता पाठमोराच बोलला, "पुढल्या बारीला सगळंच रान तुज्याकडचं लावीन म्हनतो."

"आदी सांगावं लागतं," ती म्हनली. "मागच्या आळीतल्या दोगी वांग्याचं सांगून गेल्यात. त्यांचं झाल्यावर तुजं."

त्यो वळून भनीकडं बगत राह्यला. मंग मला म्हनला, "दाजी, आयकलाव का?"

"आयकलो," म्या म्हनलो. तोंडात घासलेल्या ट्रेचं घान पानी उडालं व्हतं, त्ये थुंकत व्हतो.